झाडे मॅडम आणि सरळ पडलेले ठिपके

झाडे मॅडम जर्नल वाचत नसत, खिडकीशी धरत. मुलानं जर्नल टेबलावर ठेवलं, की त्या हृदयाच्या ठोक्यांचं पान काढायच्या, उजेडाकडे तिरकं करायच्या आणि एक डोळा मिटून बघायच्या. अडत्या मूठभर तूर तळहातावर पसरून बघतो, तसं. तीन सेकंद, फार तर चार. मग निकाल. 'पडलेले हायेत' म्हणजे सही. 'बसवलेले हायेत' म्हणजे या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत लाल रेघ. रेघ मारताना पेन इतकं दाबायच्या, की मागची दोन पानंही वाया जात.

वर्धा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमचं कॉलेज. मी तिथे प्राणिशास्त्र विभागात तासिका तत्त्वावर लागले, तेव्हा मॅडम विभागप्रमुख होत्या. पहिल्याच दिवशी मी काचसामानाची यादी करायला घेतली. परीक्षानळ्या किती, त्यातल्या तडकलेल्या किती, सूक्ष्मदर्शक किती, त्यातले चालणारे किती. मॅडम मागून डोकावल्या.

"याद्या करते का तू?"

"हो मॅडम. सवय आहे."

"कर. विसराळू माणसाले यादी लागते, आन् भित्र्या माणसाले बी. तू कोणती, ते दिसनच."

मी हसले. त्या हसल्या नव्हत्या, हे मला बऱ्याच उशिरा लक्षात आलं.

ठोक्यांचा प्रयोग काय असतो, ते आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल. गुरांना पाणी पाजायच्या हाळात किंवा साचलेल्या हिरव्या पाण्यात मोहरीपेक्षा लहान, उड्या मारत पोहणारे जीव असतात. पुस्तकात त्यांना डॅफ्निया म्हणतात, आमच्याकडे पाणपिसू. अंग काचेसारखं आरपार. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, की पाठीकडे धडधडणारं हृदय उघड दिसतं. काचपट्टीवर कापसाचे दोन-चार तंतू ठेवायचे, म्हणजे तो त्यात अडकून एका जागी राहतो. आधी साध्या पाण्यात ठोके मोजायचे, मग कॉफीचं पाणी घालून पुन्हा. विभागाच्या वहीत 'कॅफीन' लिहिलेलं असे, कपाटात किराणा दुकानातली कॉफीची पुडी.

अडचण मोजण्याची. हृदय इतक्या वेगानं चालतं, की तोंडानं एक, दोन, तीन म्हणता म्हणता जीभ अडखळते. म्हणून डोळा भिंगाला लावायचा आणि हातातल्या पेन्सिलनं प्रत्येक ठोक्याला कागदावर एक ठिपका मारायचा. जोडीदारानं घड्याळ धरायचं. पंधरा सेकंद झाले, की थांबायचं, ठिपके मोजायचे, चारानं गुणायचं. हा ठिपक्यांचा कागद जर्नलमध्ये चिकटवायचा, अशी मॅडमची सक्ती होती. इतर कॉलेजांत नुसता आकडा लिहिला तरी चालायचं.

मॅडमचा हिशोब साधा होता. पोराचा डोळा खरंच भिंगाला असेल, तर हाताकडे बघायला तो मोकळा नाही. हात आंधळा भरकटतो. ठिपक्यावर ठिपका बसतो, ओळ कुठच्या कुठे जाते. ठिपके नीट ओळीत असतील, तर पोरानं जीव पाहिलाच नाही, कागद पाहिला. "तोंड खोटं बोलते, आकडा खोटं बोलते," त्या म्हणायच्या, "हात खोटं बोलत नाई."

मला ही युक्ती फार आवडली होती. अजूनही आवडते. तिच्यात चूक एकच होती.

मॅडमचं बोलणं लागे. तसं लागावं म्हणूनच त्या बोलत. भिंगाला डोळा लावून पाच मिनिटं नुसता उभा असलेल्या एका मुलाला त्यांनी विचारलं, "दिसून राह्यलं का काही?" तो म्हणाला, "हो मॅडम, हृदय दिसते." मॅडमनी काचपट्टी काढून त्याच्या डोळ्यांसमोर धरली. कोरडी होती. "तुह्या बापाचं हार्डवेअरचं दुकान हाय ना? तिथं बसजो. खिळे मोजायले सोपे. मेलेलेच असतात." वर्ग हसला. वर्गानं हसावं, अशी त्यांची अपेक्षा असे. कोणी हसलं नाही, तर त्या थांबून वाट बघत. तो मुलगा वर्षभर 'खिळे' या नावानं ओळखला गेला.

एक मुलगी त्यांच्यासमोर रडायला लागली, तेव्हा मॅडमनी तिच्या हाती परीक्षानळी दिली. "यात रड. मिठाच्या पाण्याचा बी प्रयोग करू."

मुलांवर असा जाळ, आणि पाणपिसवांवर जीव. प्रयोगशाळेच्या मागे त्यांनी सिमेंटचं टाकं बांधून घेतलं होतं. त्यात हिरवं पाणी, वर गोणपाट. दिवाळीच्या सुटीत कॉलेजला कुलूप असलं, तरी मॅडम एक दिवसाआड येऊन त्यांना यीस्टचं पाणी घालायच्या. प्रयोग झाला, की प्रत्येक जीव ड्रॉपरनं उचलून परत ताज्या पाण्यात. मेलेल्यांचा आकडा माझ्याकडून लिहून घ्यायच्या. "चार गेले. लिव." एकदा मी म्हणाले, "मॅडम, मुलांनाही इतकं सांभाळलं असतं तर!" त्या म्हणाल्या, "हे नक्कल करत नाईत."

पण त्या कुणाच्या दबावाखाली येत नसत, हे खरं, आणि त्या गावात ते सोपं नव्हतं. संस्थेच्या अध्यक्षांच्या पुतण्याचं पान त्यांनी खिडकीशी धरलं. ठिपके शिस्तीत उभे, जणू फूटपट्टी लावून. लाल रेघ. अध्यक्षांचा फोन आला. मॅडम म्हणाल्या, "साहेब, तुमच्या पुतण्यानं पंधरा सेकंदात साठ ठिपके मारले आन् एक बी हालला नाई. त्याले सर्जन करा." फोन ठेवला. पुतण्याचं ते वर्ष गेलं, पुढच्या वर्षी प्रयोग पुन्हा करावा लागला. त्या दिवशी मी त्यांच्यासाठी मनातल्या मनात उभी राहिले होते.

आता अश्विनी भोयर.

ती तिसऱ्या वर्षाला होती. समुद्रपूरकडच्या एका खेड्यातून एस.टी.नं यायची, सव्वापाचच्या बसनं परत जायची. हुशार म्हणावी अशी नव्हती, पण सांगितलेलं सगळं करायची, आणि केलेलंच सांगायची. तिच्या घरचा ठराव वर्गातल्या मुलींना ठाऊक होता, मलाही. बापानं सांगितलं होतं, यंदा पास झालीस तर पुढे बी.एड. कर, मी आड येत नाही. एक विषय जरी राहिला, तर स्थळ पाहून ठेवलं आहे. तिनं बी.एड.च्या प्रवेशाचा कागद आतापासूनच प्लास्टिकच्या पिशवीत घालून दप्तरात ठेवला होता. मला एकदा दाखवला होता.

जर्नल तपासणीच्या दिवशी तिची पाळी आली. मॅडमनी पान खिडकीशी धरलं. या वेळी तीन सेकंदही लागले नाहीत.

"हे काय हाय?"

"ठोके, मॅडम."

"मले रांगोळी दिसून राह्यली." त्यांनी पान वर्गाकडे फिरवलं. ठिपक्यांच्या सरळ ओळी, एकाखाली एक, दोन ठिपक्यांत सारखं अंतर. "सकाळी अंगणात काढाची ते इथं काढली का? लक्ष्मीचे पाय काऊन नाई काढले मंग?"

वर्ग हसला. अश्विनी म्हणाली, "मॅडम, माहा हात तसाच पडते."

"आन् हे? कॉफीनं ठोके कमी झाले म्हणते. पुस्तकात काय हाय?"

"वाढतात म्हणून हाय."

"मंग तुह्या पाणपिसूनं पुस्तक वाचलं नसन."

"माह्या पाणपिसूचे कमीच झाले, मॅडम. तीनदा पाह्यलं."

"तीनदा खोटं लिवलं."

"घड्याळ हिनं धरलं होतं," म्हणून अश्विनीनं जोडीदार मुलीकडे पाहिलं. ती मुलगी जमिनीकडे बघत राहिली. तिचं स्वतःचं पान गेल्या वर्षीच्या कुणाच्या तरी जर्नलवरून उतरवलेलं होतं, आणि दहाच मिनिटांपूर्वी मॅडमनी त्याच्यावर सही केली होती.

लाल रेघ आली. "हात खोटं बोलत नाई," मॅडम म्हणाल्या. "तुहा हात सांगून राह्यला, का तू कागदाकडे पाहत होती. जा."

ज्यांच्या जर्नलला सही नाही, त्यांना प्रात्यक्षिक परीक्षेला बसता येत नाही. अशांची यादी फलकावर लावायचं काम माझं. त्या वर्षी अकरा नावं होती. अश्विनीचं सातवं. मी आडनावांच्या क्रमानं लावली होती. अक्षर चांगलं आलं होतं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुटीत ती प्रयोगशाळेत माझ्याकडे आली, मी एकटीच होते. रडली नाही, विनवण्या केल्या नाहीत. म्हणाली, "मॅडम, तुमी एकदा पाहून घ्या. मंग रेघ ठेवा, नाई तर काढा."

मी टाक्यातून एक पाणपिसू काढून दिला. तिनं काचपट्टीवर कापूस ठेवला, थेंब सोडला, डोळा भिंगाला लावला. घड्याळ माझ्या हातात. मी 'हं' म्हणाले आणि तिचा हात चालू लागला. मी घड्याळाऐवजी हाताकडेच बघत राहिले. डोळा भिंगावरून हलला नाही, आणि हात मात्र कागदावर सरळ चालला होता, ठिपका, ठिपका, ठिपका, ओळ संपली की आपोआप खाली. मी एक वही उभी करून भिंग आणि कागद यांच्यामध्ये धरली. ठिपके तसेच पडत राहिले.

"हे कुठं शिकलीस?"

"शिकली नाई. सरकी टोबतो ना आमी. सातवीत होती तवापासून जातो." कापसाचं बी हातानं मातीत टोचत जायचं, त्याला आमच्याकडे टोबणं म्हणतात. ओळीत वाकून चालायचं, ठरावीक अंतरावर दोन-दोन दाणे. "दिवसभर बाजूच्या बाईसंगं बोलत टोबतो, मॅडम. हाताकडे कोन पाह्यते? ओळ वाकडी झाली, का मालकीण बोलते."

मग तिनं कॉफीचं पाणी घातलं. ठोके कमी झाले. मी स्वतः भिंगातून पाहिलं. खरंच मंदावले होते.

मी ते दोन्ही कागद घेऊन मॅडमकडे गेले. त्या डबा खात होत्या. मी सांगितलं, माझ्यासमोर केलं, वही आड धरली तरी ओळ सरळच येते, ती सरकी टोबते. मॅडमनी कागद हातात घेतले नाहीत. हात खरकटे होते.

"यादी लागली का?"

"लागली."

"कोनं लावली?"

"मी."

"मंग एकीसाठी काढली, तर दहा जण दारात उभे राह्यतीन, आन् हरेकाच्या बापाची वावरं निंघतीन. अध्यक्षाच्या पुतण्याले काय सांगू? तुले टोबता येत नाई म्हनू?"

मी म्हणाले, "बरं." माझ्या पुढच्या वर्षीच्या नेमणुकीच्या अर्जावर त्याच आठवड्यात त्यांची शिफारस व्हायची होती. त्या अर्जाबद्दल त्यांनी अवाक्षर काढलं नाही. मीच त्याचा विचार केला. परत येऊन मी अश्विनीला सांगितलं, होत नाही. ती म्हणाली, "बरं." दोघींनी एकच शब्द वापरला.

परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी आमची जर्नलं पाहिली आणि मॅडमना हात जोडले. "इतके जिवंत ठिपके आम्ही कुठे पाहिले नाहीत." मॅडम खूश होत्या. निकालानंतर कॉलेजच्या फाटकासमोर चहा पिताना अध्यक्षांचा तो पुतण्या मला भेटला, यंदा पास झाला होता. हसत म्हणाला, "मॅडम, आता सांगायले हरकत नाई. डाव्या हातानं मारायचे ठिपके. नाई तर चालत्या एस.टी.त बसून. एकदम पडलेले दिसतात. सिनिअर पोरं जुनियरले शिकवतात." मग त्यानं नावं घेतली. जवळजवळ अख्खा वर्ग झाला. प्रयोग कुणी केला होता, हे विचारल्यावर तो विचार करून म्हणाला, "ते रांगोळीवाली. तिनं केलता."

ही गोष्टही मी मॅडमना सांगितली नाही. परीक्षा होऊन गेली होती.

जून महिना आला. आमच्यासारख्या कॉलेजांत जूनमध्ये शिक्षकांना गावोगाव फिरून विद्यार्थी आणावे लागतात, नाही तर तुकडी बंद पडते. मॅडमना हे काम मनापासून आवडत नसे. हातात पत्रकं आणि छत्री घेऊन त्या माझ्यासोबत निघाल्या. समुद्रपूर तालुक्यातल्या एका गावी बारावी झालेल्या मुलीचं घर शोधत आम्ही पांदणीनं, शेतांमधल्या वाटेनं, चाललो होतो. बाजूच्या वावरात आठ-दहा बाया सरकी टोबत होत्या. रस्ता विचारावा, म्हणून मॅडम धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, आत उतरल्या.

मी तिला लांबूनच ओळखलं. डोक्याला पदर, गळ्यात काळी पोत. लग्न मे महिन्यात झालं, हे मी ऐकून होते, पण हे तिच्या सासरचं गाव, हे मला माहीत नव्हतं. ती वाकून चालली होती, तोंड शेजारच्या बाईकडे, काहीतरी सांगून हसत होती, आणि हात खाली आपला आपण चालला होता.

मॅडमनी तिला ओळखलं नाही. हात मात्र ओळखला. त्या बोलता बोलता थांबल्या. हातातली छत्री मिटली आणि वाकून एका खड्ड्यापासून दुसऱ्यापर्यंत आडवी ठेवली. मग पुढच्यावर. मग त्याच्या पुढच्यावर. छत्रीच्या काडीवर त्यांचं बोट एकाच जागी येत होतं. साठीकडे आलेली बाई नव्या साडीत, मातीत वाकून एकेक खड्डा मोजत गेली. बाया टोबायचं सोडून बघायला लागल्या.

"कोन हाय वं ती?" त्यांनी मला विचारलं, वर न बघता.

"अश्विनी भोयर, मॅडम. आपण जर्नल..."

"समजलं."

अश्विनी सरळ उभी राहिली. नमस्कार केला नाही. "मॅडम, पाय काढा. दाण्यावर हाय तुमचा."

मॅडम बाजूला सरकल्या.

"तिकडं बी ओळ हाय."

बाया खुदकन हसल्या. मॅडम दोन्ही पाय जुळवून कशाबशा उभ्या राहिल्या. वर्गात कोणी हसावं, म्हणून थांबून वाट बघणारी बाई ती. त्या म्हणाल्या, "अश्विनी, फॉर्म भर तू. पुन्हा बस परीक्षेले. मी सही करतो जर्नलवर."

"कायच्यावर? त्या पानावर तुमीच रेघ मारली ना."

"नवं पान कर."

"तुमीच म्हनत होत्या, हात खोटं बोलत नाई." तिनं मातीनं भरलेला हात पुढे धरला. "मंग इचारायचं तर होतं हाताले."

पलीकडच्या ओळीतून तिच्या सासूनं विचारलं, "काय म्हनून राह्यल्या वं त्या बाई?"

"काई नाई, आई. पोरी भेटत नाईत कालेजाले. दारोदार फिरून राह्यल्या." आणि ती वाकली. हात सुरू झाला. मॅडमच्या पायाजवळ येऊन तो थांबला, म्हणून मॅडमना वावराबाहेर यावंच लागलं.

परत येताना एस.टी.त त्यांनी छत्रीला लागलेली माती नखानं खरवडली. मग म्हणाल्या, "तुले माहीत होतं."

"मी सांगितलं होतं मॅडम तुम्हाला."

"एकदा."

"हो."

"एकदाच सांगितलं." त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. "तिनं तीनदा मोजलं होतं."

त्या आठवड्यात कॉलेज बंद असताना मॅडम रोज येऊन बसल्या. तीस पाणपिसवे काढले, एकेकाचे ठोके साध्या पाण्यात आणि कॉफीत, ठिपके स्वतःच्या हातानं. ते भरकटले, एकावर एक चढले, अस्सल पडलेले. आणि कॉफीत बहुतेकांचे ठोके कमी झाले. पुडीतली कॉफी आम्ही चमच्यानं घालत होतो, किती घालावी ते कुणी कधी मोजलंच नव्हतं. ते जीव दमून मंदावत होते. इतकी वर्षं आमच्या विभागात, अश्विनी सोडली तर, एकाही मुलानं ते पाहिलं नव्हतं, कारण एकाही मुलानं पाहिलंच नव्हतं. तेव्हा मी त्यांना डाव्या हाताची गोष्ट सांगितली. त्यांनी ऐकून घेतलं. "किती गेले?" मी विचारलं, मेलेल्यांचा आकडा लिहायचा म्हणून. त्या म्हणाल्या, "पाणपिसवे का पोट्टे?"

त्यानंतर मॅडम तीन वेळा एकट्या त्या गावी गेल्या, परीक्षेचा फॉर्म आणि आपली सही घेऊन. पहिल्यांदा सासूनं चहा दिला आणि सून वावरात आहे म्हणून सांगितलं. दुसऱ्यांदाही चहा दिला. तिसऱ्यांदा फॉर्मची मुदत चार दिवसांवर होती. अश्विनी घरातच होती, बाहेर आली नाही. सासू म्हणाली, "बाई, तिले दिवस गेले हायेत. आता कायले येता?" मॅडमनी या वेळी चहा घेतला नाही. अश्विनीची पदवी तिथेच संपली.

आणि मग मॅडमनी एक केलं, जे मला आजही त्यांच्या सगळ्या लाल रेघांपेक्षा भयंकर वाटतं. त्यांनी पानं खिडकीशी धरणं बंद केलं. नोकरीची उरलेली दोन वर्षं त्यांनी समोर आलेल्या प्रत्येक जर्नलवर सही केली, पान न उघडता. कोरी पानं असलेल्या जर्नलवरही केली, मी स्वतः पाहिलं. मुलांना त्या एकदम आवडायला लागल्या. निरोपसमारंभात एक मुलगी म्हणाली, "मॅडम वरून कडक, पण आतून फार मायाळू." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मॅडमनीही वाजवल्या. मागच्या टाक्यातले पाणपिसवे तोवर मरून गेले होते. गोणपाट वाळून कडक झालं होतं.

आता विभाग माझ्याकडे आहे. नवं टाकं बांधलं, कॉफी वजन करून घालते, प्रत्येक पानाचा आकडा वहीत उतरवते. गेल्या महिन्यात जर्नलं तपासताना एका पानावर हात थांबला. ठिपके सरळ, अगदी सरळ. पुढच्या गावाहून येणाऱ्या एका मुलीचं जर्नल. मी पान खिडकीशी धरलं, खाली ठेवलं, पुन्हा धरलं. मग जर्नल पिशवीत घालून मॅडमकडे गेले. निवृत्तीनंतर त्या बसस्टँडच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांत राहतात.

त्या खिडकीजवळच बसल्या होत्या. मी पान काढून त्यांच्या हातात दिलं. "मॅडम, सांगा ना. पडलेले आहेत की बसवलेले?"

जुन्या सवयीनं त्यांचा हात वर गेला, उजेडाकडे. अर्ध्यात थांबला. त्यांनी पान उलटं करून मांडीवर ठेवलं.

"चष्मा देऊ का?"

"डोळे चांगले हायेत माहे." मग त्यांनी विचारलं, "पोरगी कुठंची हाय?"

मी गाव सांगितलं.

"घरी काय करते?"

"माहीत नाही."

"इचारलं?"

"नाही, मॅडम."

"मंग माह्याकडे काय हाय?" त्यांनी पान माझ्याकडे ढकललं. "कायनं जाते ते घरी?"

"सव्वापाचच्या बसनं."

मॅडमनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. पाच वाजून आठ मिनिटं झाली होती. "मंग बसली काऊन?" त्या म्हणाल्या. "ऊठ ना."